विलंब आणि अनिश्चितता असलेल्या न्यूरल नेटवर्कचे समक्रमण : समीकरणापासून टेबलावरील सर्किटपर्यंत

पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलावरची पाणीपातळी वाचणाऱ्याला विलंब म्हणजे काय, हे कोणी शिकवावे लागत नाही. कोयनेचे दरवाजे आज उचलले तरी ते पाणी पुलाच्या पट्टीवर लगेच दिसत नाही, आणि मधल्या वाटेवर पाऊस किती पडेल, ब्रह्मनाळला येरळा किती पाणी आणून टाकेल, हे दरवाजे उचलताना नेमके ठाऊक नसते. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, या दोन खुणा पक्क्या असतात; पण दरवाजा हलवणाऱ्याला विचार करायचा असतो पुढच्या कित्येक तासांनंतरच्या पातळीचा, आणि त्याच्या हाती असते फक्त आत्ताची पातळी. या लेखाचा विषय नदी नाही. पण नियंत्रणशास्त्रात ज्याला विलंब आणि अनिश्चितता म्हणतात, ते नेमके हेच आहे, आणि दोन न्यूरल नेटवर्क एकमेकांच्या तालात आणताना अडवतात तीही याच दोन गोष्टी.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे किंवा एम.टेक.चे विद्यार्थी हा विषय प्रकल्पासाठी घेतात तेव्हा बहुतेक जण एकाच क्रमाने जातात. शोधनिबंधातील समीकरण उचलायचे, कंट्रोलरचा गेन (त्रुटीला किती पट जोराने दुरुस्त करायचे तो आकडा) वाढवत राहायचे, त्रुटीचा आलेख शून्यावर आला की तो अहवालात चिकटवायचा. विलंब कुठे आहे आणि किती, अनिश्चितता किती टक्के, हे शेवटी जमले तर लिहायचे. माझ्या मते हा क्रम उलटा आहे, कारण गेन किती हवा आणि किती चालेल, हे त्या दोन आकड्यांवरूनच ठरते. म्हणून पुढील मांडणी आकड्यांपासून सुरू होते.

कोणते नेटवर्क

येथे न्यूरल नेटवर्क म्हणजे छायाचित्रे ओळखायला शिकवलेले थरांचे जाळे नव्हे. जॉन हॉपफिल्ड यांनी १९८२ आणि १९८४ मध्ये मांडलेल्या नेटवर्कच्या कुळातील, काळाबरोबर स्वतःची स्थिती बदलत राहणारे जाळे येथे अभिप्रेत आहे. प्रत्येक न्यूरॉन स्वतःहून विझत जातो, इतरांचे संदेश त्याला पुन्हा पेटवतात, आणि काही संदेश उशिरा पोहोचतात. अशा नेटवर्कमध्ये विलंब घातला की स्थिर राहणारी प्रणाली हेलकावे खाऊ लागते, हे मार्कस आणि वेस्टरव्हेल्ट यांनी १९८९ मध्ये दाखवले. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, पेकोरा आणि कॅरोल यांनी दाखवले की केऑसमध्ये, म्हणजे नियमाने बांधलेल्या पण दूरचा अंदाज न येणाऱ्या वागण्यात, भरकटणाऱ्या दोन प्रणालीही एकमेकींशी तंतोतंत जुळवता येतात. आपला विषय या दोन कामांच्या सांध्यावर उभा आहे.

मुख्य नेटवर्कची स्थिती क्ष आणि अनुयायी नेटवर्कची स्थिती य मानू. त म्हणजे काळ, वि म्हणजे विलंब, आणि अक्षरावरील चिन्ह ′ म्हणजे काळानुसार बदलाचा दर.

क्ष′(त) = −स क्ष(त) + अ फ(क्ष(त)) + ब फ(क्ष(त − वि))

य′(त) = −स य(त) + अ फ(य(त)) + ब फ(य(त − वि)) + नि(त)

यात स हा विझण्याचा दर, अ हे तत्काळ पोहोचणाऱ्या संदेशांचे मॅट्रिक्स, ब हे उशिरा पोहोचणाऱ्या संदेशांचे मॅट्रिक्स, फ हे ॲक्टिव्हेशन फंक्शन, म्हणजे स्थितीवरून संदेशाचा जोर ठरवणारा नियम, आणि नि हे आपण बाहेरून देणार ते नियंत्रण. दोन नेटवर्कमधील फरकाला, म्हणजे य − क्ष याला, त्रु म्हणू. हा त्रु शून्यावर आणून तिथेच टिकवणे म्हणजे समक्रमण.

हातात धरायला एक उदाहरण हवे, म्हणून या विषयाच्या साहित्यात वारंवार वापरले जाणारे दोन न्यूरॉनचे नेटवर्क घेऊ. त्यात स = १, विलंब १ सेकंद, फ म्हणजे टॅनएच (−१ आणि १ यांच्या मध्येच राहणारे फंक्शन), आणि

अ = [ २ , −०.१ ; −५ , ३ ]

ब = [ −१.५ , −०.१ ; −०.२ , −२.५ ]

अर्धविरामाच्या आधी पहिली ओळ आणि नंतर दुसरी. नियंत्रण नसताना हे नेटवर्क केऑटिक वागते. फ ची किंमत कधीही १ च्या पुढे जात नसल्यामुळे ओळींची बेरीज करून लगेच कळते की, एकदा सुरुवातीचा परिणाम विरला की, पहिल्या न्यूरॉनची स्थिती ±३.७ च्या आणि दुसऱ्याची ±१०.७ च्या बाहेर जाणार नाही. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवावेत; सर्किटमधील ऑपॅम्पला (ऑपरेशनल ॲम्प्लिफायरला) किती व्होल्ट पुरवायचे, हा प्रश्न येईल तेव्हा ते लागतील.

विलंब नेमका कुठे आहे

विलंब एकच असतो असे गृहीत धरणे ही पहिली चूक. तो तीन ठिकाणी असू शकतो: नेटवर्कच्या आत, जसा वरच्या समीकरणात आहे, मुख्य नेटवर्ककडून अनुयायाकडे माहिती जाण्याच्या वाटेवर, आणि नियंत्रणाचा हिशेब होऊन तो प्रत्यक्ष लागू होईपर्यंत. पहिल्याला ओळखून त्याच्याभोवती रचना करता येते. दुसऱ्याने फार तर अनुयायी मागे राहतो. विसर्जन मिरवणुकीत ढोलपथकाच्या शेवटच्या रांगेचे असेच होते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पुढच्या ताशापासून ३४ मीटर मागे असलेल्या वादकाला ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतो. तो चुकत नाही, तो उशिरा बरोबर वाजवतो. असे मागे राहून होणारे समक्रमण पुष्कळदा चालते, मात्र ते तसे आहे हे अहवालात लिहिले पाहिजे.

तिसरा विलंब मात्र घातक असतो, कारण तिथे जुन्या त्रुटीवर आजचा उपाय केला जातो. त्याचा हिशेब पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

विलंब मोजताना सरासरी लिहून थांबू नये. दोन बोर्ड वाय-फायवरून बोलत असतील, तर एका बोर्डाने वेळेचा शिक्का मारून संदेश पाठवावा, दुसऱ्याने तो तसाच परत करावा, आणि असे काही हजार फेरे नोंदवून त्यांतील सर्वांत मोठा आकडा पाहावा. सरासरी काही मिलिसेकंदांची असते, पण अधूनमधून एखादा संदेश तिच्या कित्येक पट वेळ घेतो, आणि स्थैर्याची हमी त्या एका संदेशालाही लागू असावी लागते. शिवाय विलंब बदलता असेल, तर त्याच्या बदलाचा दर १ पेक्षा कमी आहे का, हे तपासावे. स्थैर्य सिद्ध करण्याच्या साध्या ल्यापुनॉव्ह–क्रासोव्स्की पद्धतीला (ती पुढे येते) ती अट लागते. ती पाळली जात नसेल तर राझुमिखिन यांच्या पद्धतीकडे किंवा पुढे येणाऱ्या हलनाय असमानतेकडे वळावे लागते.

अनिश्चिततेला आकडा देणे

अनिश्चितता म्हणजे काही गूढ नाही. रेझिस्टरवर सोनेरी पट्टी असेल, तर त्याची किंमत लिहिलेल्या आकड्यापेक्षा ५ टक्के इकडेतिकडे असू शकते. ऑपॅम्पच्या सर्किटमध्ये मॅट्रिक्समधील एक वजन म्हणजे दोन रेझिस्टरचे गुणोत्तर असते. वरचा ५ टक्के जास्त आणि खालचा ५ टक्के कमी निघाला, तर वजन सुमारे १० टक्क्यांनी चुकते. विद्यार्थी येथे हमखास ५ टक्केच धरतात.

आता मॅट्रिक्सचा आकार मोजू. अ च्या सर्व घटकांच्या वर्गांची बेरीज ३८.०१, तिचे वर्गमूळ ६.१६५; ब साठी ८.५५ आणि २.९२४. प्रत्येक घटक जास्तीत जास्त १० टक्के चुकत असेल, तर अ मधील चुकीचा आकार ०.६१७ पेक्षा आणि ब मधील चुकीचा ०.२९२ पेक्षा मोठा होणार नाही. बेरीज ०.९०९. एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर वापरले तर वजनाची चूक २ टक्के आणि हीच बेरीज ०.१८२ होते. साहित्यात ही चूक तीन मॅट्रिक्सच्या गुणाकाराच्या रूपात लिहितात, ज्यातील मधले मॅट्रिक्स काळानुसार कसेही बदलले तरी त्याचा आकार १ च्या आत राहतो. दोन न्यूरॉनसाठी आकाराचा वरील साधा आकडाच पुरतो. कॅपॅसिटरची चूक बहुधा रेझिस्टरपेक्षा मोठी असते. ती हिशेबात ओढण्यापेक्षा मीटरवर मोजून जुळणारी जोडी निवडणे सोपे.

येथे एक भेद कटाक्षाने पाळावा. दोन्ही नेटवर्कमध्ये अगदी तीच चूक असेल, तर त्रुटी शून्यावर आणता येते. चुका वेगवेगळ्या असतील, आणि टेबलावर त्या वेगवेगळ्याच असतात, तर त्रुटीच्या समीकरणात एक उपरा भार शिल्लक राहतो, जो त्रुटी शून्य झाली तरी जात नाही. टॅनएचच्या मर्यादेमुळे दोन न्यूरॉनच्या नेटवर्कमध्ये त्याचा आकार, फक्त अनुयायातील चूक धरल्यास, ०.९०९ गुणिले २ चे वर्गमूळ, म्हणजे १.२९ इतका होऊ शकतो. १ टक्क्याच्या रेझिस्टरने तो ०.२६ वर येतो.

गेनचा हिशेब : एकाच गणिताची दोन उत्तरे

सर्वांत साधे नियंत्रण म्हणजे नि = −क त्रु. क हा गेन. तो किती हवा, यासाठी ल्यापुनॉव्ह यांनी १८९२ च्या प्रबंधात मांडलेली कल्पना वापरतात: त्रुटीची एक ऊर्जा कल्पायची आणि ती प्रत्येक क्षणी घटते, असे सिद्ध करायचे. विलंब असल्यामुळे ऊर्जेत आत्ताच्या त्रुटीबरोबर मागच्या वि सेकंदांतील त्रुटीचाही साठा मोजावा लागतो. ही भर क्रासोव्स्की यांची.

आधी अनिश्चितता बाजूला ठेवू. ऊर्जेचा दर काढताना दोन त्रासदायक पदे येतात: त्रु आणि अ यांच्या गुणाकाराचे एक, त्रु आणि ब यांच्या गुणाकाराचे दुसरे. पाठ्यपुस्तकी सवयीने दोन्हींना “गुणाकार हा वर्गांच्या बेरजेच्या निम्म्याहून मोठा नसतो” ही असमानता लावली, तर अट अशी येते की क हा ½ अ अᵀ + ½ ब बᵀ या मॅट्रिक्सच्या सर्वांत मोठ्या आयगेन मूल्यापेक्षा मोठा हवा. वर चढवलेली खूण ओळी आणि स्तंभ यांची अदलाबदल दाखवते. आपल्या उदाहरणात ते मॅट्रिक्स [ ३.१३५ , −४.८७५ ; −४.८७५ , २०.१४५ ] असे येते आणि त्याचे मोठे आयगेन मूल्य २१.४४ निघते. म्हणजे गेन २१.४४ पेक्षा जास्त हवा.

आता तीच ऊर्जा ठेवून असमानता जरा जपून वापरू. वर्गांच्या बेरजेत दोन्ही बाजूंना सारखे वजन देण्याऐवजी मॅट्रिक्सच्या आकाराप्रमाणे वजन द्यायचे. येथे आकार म्हणजे मॅट्रिक्स एखाद्या सदिशाला जास्तीत जास्त किती पट ताणते तो आकडा: अ साठी ६.०९९ आणि ब साठी २.५२३. मग अट उरते ती अशी:

क > ६.०९९ + २.५२३ − १ = ७.६२

नेटवर्क तेच, नियंत्रण तेच, गरज २१.४४ वरून ७.६२ वर आली. मधला फरक नेटवर्कचा नव्हता, आपण हिशेबात उधळलेल्या असमानतेचा होता. शोधनिबंधातील गेन जसाच्या तसा उचलण्याआधी हा प्रयोग प्रत्येकाने एकदा हाताने करावा, अशी माझी शिफारस आहे. दोन न्यूरॉनचे नेटवर्क असेल तर एका पानात होतो.

न्यूरॉन जास्त असतील तर हा हिशेब रेषीय मॅट्रिक्स असमानतेच्या रूपात मांडून संगणकाकडे द्यावा. मॅटलॅबमध्ये यालमिप, पायथॉनमध्ये सीव्हीएक्सपाय हे काम करतात, आणि संशोधक ज्याला शूर कॉम्प्लिमेंट म्हणतात त्या युक्तीने वर्गाची पदे रेषीय होतात. सॉल्व्हरने “इन्फीझिबल”, म्हणजे अटी पुऱ्या करणारे उत्तर नाही, असे सांगितले, तर समक्रमण अशक्य आहे असा अर्थ काढू नये. आपण निवडलेल्या ऊर्जेने ते सिद्ध होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. विलंबाचा आकडा प्रत्यक्ष अटीत आणणाऱ्या पद्धती, म्हणजे जेन्सन असमानता किंवा सुरे आणि गोइसबो यांनी २०१३ मध्ये आणलेली विर्टिंगर असमानता, यांची भुरळ लवकर पडते. आतील विलंबासाठी त्यांची गरज येथे नाही, कारण वरची अट विलंब कितीही असला तरी लागू पडते. त्यांचा खरा उपयोग विलंब नियंत्रणाच्या वाटेवर असतो तेव्हा होतो.

त्रुटी किती वेगाने आणि कुठवर उतरेल

अट पाळली की काम झाले, असे नाही. वेगही कळायला हवा. त्यासाठी हलनाय असमानता अतिशय सोयीची आहे; विलंबित भाग धरूनही त्रुटी किमान किती वेगाने घटेल, हे ती सांगते. त्रुटीच्या लांबीचा घटण्याचा दर १ + क − ६.०९९ आणि विलंबित भागाचा जोर २.५२३ धरला, तर खात्रीचा वेग र हा पुढील समीकरणातून मिळतो. यात घा म्हणजे २.७१८ या संख्येचा र वा घात, आणि विलंब १ सेकंद आहे.

र = (क − ५.०९९) − २.५२३ घा

क = १२ ठेवल्यास र सुमारे ०.८७ येतो, म्हणजे त्रुटी एक दशांश व्हायला २.६५ सेकंद. क = २० केल्यास र सुमारे १.६६ आणि वेळ १.३९ सेकंद. गेन ८ ने वाढवूनही वेगात ०.७९ चीच भर पडली. बाकीची वाढ विलंबाने खाल्ली. सिम्युलेशनमध्ये त्रुटी याहून वेगाने उतरताना दिसेल, कारण हा आकडा वाईटात वाईट परिस्थितीचा आहे. ती याहून हळू उतरली, तर मात्र प्रोग्राममध्ये चूक आहे असे खुशाल समजावे.

अनिश्चितता आणल्यावर त्रुटी शून्यावर न जाता एका पट्ट्यात राहते. पट्ट्याची रुंदी म्हणजे उपरा भार भागिले उरलेली सवलत, आणि सवलत म्हणजे क − ७.६२ − अनिश्चिततेची बेरीज. ५ टक्क्यांचे रेझिस्टर आणि क = १२ असताना १.२९ ला ३.४७ ने भागून ०.३७ मिळतात. क = २० केल्यास ०.११. पण गेन १२ च ठेवून १ टक्क्याचे रेझिस्टर लावले, तर पट्टा ०.०६ चा होतो. चार रुपयांच्या भागांनी जे होते ते गेन जवळपास दुप्पट करूनही झाले नाही, हे विद्यार्थ्यांना फळ्यावर पटत नाही. सोल्डरिंग गन हातात घेतल्यावर पटते.

पट्टाही नको असेल, तर नियंत्रणात त्रुटीच्या चिन्हाप्रमाणे ठराविक जोराचा धक्का देणारे पद जोडावे. धक्क्याचा जोर उपऱ्या भाराइतका किंवा त्याहून जास्त ठेवला की त्रुटी शून्यावर जाते. ही स्लायडिंग मोड पद्धत. कागदावर ती निर्दोष आहे, सर्किटमध्ये मात्र त्रुटी शून्याजवळ आली की धक्का सतत दिशा बदलतो आणि घरघर सुरू होते. म्हणून चिन्हाऐवजी टॅनएच(त्रु ÷ ०.०१) असे मऊ पद वापरावे आणि लहानसा पट्टा स्वीकारावा.

नेटवर्कचे आकडेच ठाऊक नसतील, तर गेन स्वतःच वाढू द्यावा: त्याच्या वाढीचा दर त्रुटीच्या वर्गाला एका स्थिरांकाने गुणून ठरवावा. गंमत अशी की उपरा भार असताना त्रुटी कधीच पूर्ण शून्य होत नाही, त्यामुळे गेन थांबतच नाही. स्थिरांक १० आणि त्रुटी ०.०६ असली तर गेन सेकंदाला ०.०३६ ने वाढतो. काही सेकंदांच्या प्रात्यक्षिकात ते लक्षातही येणार नाही, आणि प्रयोग रात्रभर चालू ठेवला तर सकाळी तो भलतीकडे पोहोचलेला असेल. त्रुटी पट्ट्याच्या आत आली की वाढ बंद करावी, हा त्यावरचा सरळ उपाय.

नियंत्रणाच्या वाटेवरील विलंब

आता तो तिसरा, घातक विलंब. नि = −क त्रु(त − ह), जिथे ह म्हणजे मोजणी, हिशेब आणि प्रसारण यांत गेलेला वेळ. मॅट्रिक्सचा पूर्ण हिशेब लांब आहे, पण एका चलाच्या समीकरणावरून अंदाज चांगला येतो. त्रुटी स्वतःहून म या दराने वाढत असेल आणि आपण तिला क ने, पण ह इतक्या उशिराने, ओढत असू, तर स्थैर्यासाठी क हा म पेक्षा मोठा हवा आणि ह ची कमाल मर्यादा ही:

ह < कोसाइन-व्यस्त(म ÷ क) ÷ √(क² − म²)

म = ७.६२ हा सर्वांत वाईट आकडा घातला, तर क = ८ साठी मर्यादा ०.१२७ सेकंद, क = १२ साठी ०.०९५ आणि क = २० साठी ०.०६४ येते. गेन जितका मोठा, तितका विलंब कमी सहन होतो. पट्टा अरुंद करण्यासाठी वाढवलेला गेन येथे उलटा अंगावर येतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. एका प्रकल्पात आम्ही दोन बोर्ड वाय-फायवर जोडले होते आणि सिम्युलेशनमध्ये उत्तम चाललेला २० चा गेन तसाच ठेवला होता. विलंब मी सरासरीवरून गृहीत धरला होता. पहिला अर्धा मिनिट दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या. मग एखाददुसरा संदेश रेंगाळला, त्रुटीने एक मोठा हेलकावा खाल्ला, नियंत्रणाने तो सावरायला आणखी मोठा उलटा झटका दिला, आणि ऑपॅम्पचे आउटपुट पुरवठ्याच्या व्होल्टेजला जाऊन चिकटले. त्यापुढे गेन नावाची गोष्टच उरली नाही. त्रुटी २ असली तरी २० च्या गेनला ४० एककांचे नियंत्रण लागते, आणि बारा व्होल्टच्या पुरवठ्यातून ते यायचे कुठून, हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता. गेन १० वर आणला, बोर्ड तारेने जोडले, आणि काम झाले.

नियंत्रण ठराविक अंतराने अद्ययावत होत असेल, तर तेही विलंबासारखेच वागते. नेटवर्कचा स्वतःचा जोर सोडून दिला तरी दर न सेकंदांनी त्रुटी (१ − क न) पट होते, म्हणून क न हा गुणाकार २ च्या आत असणे ही किमान गरज. मी तो ०.२ च्या आसपास ठेवतो. क = १२ असेल तर सेकंदाला किमान साठ वेळा नमुना घ्यावा लागेल.

सिम्युलेशन : एक बफर आणि त्यातले खड्डे

प्रोग्रामसाठी विलंबित समीकरणे सोडवणारे मॅटलॅबचे डीडीई२३ चालते, पण पहिल्यांदा स्वतः लिहावे. पायरी ०.००१ सेकंद घेतली तर १ सेकंदाच्या विलंबासाठी प्रत्येक नेटवर्कचे मागचे १००० नमुने साठवावे लागतात. प्रत्येक क्षणी सगळे नमुने एकेक घर पुढे ढकलण्याची गरज नाही. १००० घरांची गोल रांग करावी आणि एक दर्शक तिच्यावर फिरत ठेवावा. दर्शक ज्या घरावर आहे तिथे बरोबर १००० पायऱ्यांपूर्वीची स्थिती असते. ती आधी वाचायची, मग आत्ताची स्थिती त्याच घरात लिहायची, मग दर्शक एक घर पुढे. हा क्रम उलटला आणि आधी लिहून मग वाचले, तर विलंब शून्य होतो, आणि प्रोग्राम कुठलीही तक्रार न करता सुंदर आलेख काढत राहतो. साधी ऑयलर पद्धत या पायरीला पुरते. चौथ्या क्रमाची रुंगे–कुट्टा वापरायची असेल, तर अर्ध्या पायरीवरची जुनी स्थितीही लागते आणि ती शेजारच्या दोन घरांवरून काढावी लागते. हे न करता नुसते नाव बदलले तर अचूकता ऑयलरच्या पुढे फारशी जात नाही.

विलंबित समीकरणाची सुरुवात एका बिंदूने होत नाही. मागच्या पूर्ण एका सेकंदाचा इतिहास द्यावा लागतो. मुख्य नेटवर्कसाठी तो (०.४, ०.६) असा स्थिर धरावा आणि अनुयायासाठी मुद्दाम वेगळा, समजा (−२, ३). माझ्या एका विद्यार्थ्याने दोन्ही बफर एकाच ओळीत भरले होते. “सर, कंट्रोलर बंद केला तरी एरर शून्यच येतोय,” असे तो आनंदाने सांगत आला. दोन सारख्या नेटवर्कचा इतिहासही सारखाच असेल, तर त्यांना वेगळे व्हायला कारणच नसते.

नियंत्रण सुरुवातीपासून चालू ठेवू नये. पहिली ५० सेकंद दोन्ही नेटवर्क मोकळी सोडावीत, मग नियंत्रण जोडावे, आणि त्रुटीचा आलेख लॉगरिदमच्या पट्टीवर काढावा. साध्या पट्टीवर ०.०६ आणि ०.००००६ एकाच जागी दिसतात. लॉग पट्टीवर उतरती रेषा कुठे आडवी झाली ते कळते, आणि ती आडवी झालेली उंची वर काढलेल्या पट्ट्याच्या आत आहे का, हे मोजता येते. नंतर अ आणि ब च्या प्रत्येक घटकात १० टक्क्यांच्या आत यदृच्छेने चूक घालून हाच प्रयोग शे-दोनशे वेळा चालवावा आणि सर्वांत वाईट निकाल नोंदवावा, सरासरी नव्हे. एखादाही निकाल हमीच्या बाहेर गेला, तर हमीचे गणित किंवा प्रोग्राम, दोन्हींपैकी एक चुकले आहे.

हे तंत्र गुप्त संदेशवहनासाठी वापरण्याचा मोह अनेकांना होतो. केऑसवर आधारलेल्या अशा कितीतरी योजना नंतर फोडल्या गेल्या आहेत, त्यामुळे प्रकल्पाच्या शीर्षकात “सुरक्षित” हा शब्द लिहिण्यापूर्वी गुप्तलेखन जाणणाऱ्या कोणाला तरी दाखवावे.

शेवटची चाचणी टेबलावरची आहे आणि तिला एका मिनिटाहून जास्त वेळ लागत नाही. दोन्ही नेटवर्क ऑसिलोस्कोपला जोडावीत, एकाचे व्होल्टेज आडव्या आणि दुसऱ्याचे उभ्या अक्षावर द्यावे. समक्रमण झाले असेल तर पडद्यावर पंचेचाळीस अंशांची बारीक रेघ दिसते आणि तिची जाडी म्हणजेच अनिश्चिततेचा पट्टा. आता नियंत्रणाची तार काढून टाकावी. रेघ काही सेकंदांत फुटून पडदाभर पसरली पाहिजे. ती तशीच राहिली, तर दोन्ही नेटवर्क एखाद्या स्थिर बिंदूवर किंवा साध्या आवर्तनावर येऊन बसली आहेत, आणि रेझिस्टरच्या किमती पुन्हा मोजायला घ्याव्या लागतील.